मासातलानला जेवायचं कुठं

मेक्सिको देशात समुद्रकाठी गेल्यावर तिथल्या माणसांसारखं जेवायचं कुठं, हा प्रश्न मला घनसावंगीच्या बसस्टँडवर आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचा प्रवास सकाळी अंबड आणि संध्याकाळी परत, एवढाच असतो. तरी माहिती असलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. मीही मान हलवतो, चहा संपवतो आणि "सांगतो सवडीनं" म्हणून उठतो. कारण उत्तर एका कपात मावणारं नाही. शिवाय त्यात माझी थोडी शोभा आहे.

आमची मुलगी रूपाली बियाण्याच्या कामावर मेक्सिकोत आहे. मक्याच्या नव्या जाती काढतात, त्यात ती शास्त्रज्ञ. मी जालना एमआयडीसीत एका बियाण्याच्या कारखान्यात पोती उचलली. वयाच्या चाळिशीत रात्रीच्या वर्गाला जाऊन अक्षरं शिकलो, तेव्हा मला पोत्यांवरची नावं वाचायला गोदामात घेतलं. म्हणजे बियाण्याचं काम आमच्या घरात दोन पिढ्यांचं आहे असं मी सांगतो. रूपाली हसते, पण खोडून काढत नाही.

तीन वर्षं ती तिकडं एकटी. यंदा म्हणाली, "बाबा, आईला घेऊन या. आठ दिवस समुद्रावर राहू. मासातलान नावाचं शहर आहे. मी राहते तो देश तुम्ही एकदा बघा तरी." शेवटचं वाक्य तिनं हळू म्हटलं. त्यावर नाही म्हणायची सोय राहिली नाही.

पासपोर्टच्या कचेरीतला साहेब आमचे कागद बघून म्हणाला, "दोघांची जन्मतारीख एक जानेवारी?"

"हो साहेब."

"नवरा-बायको एकाच दिवशी जन्मले?"

"आमच्या गल्लीत तर बारा जण त्याच दिवशी जन्मल्येत साहेब," मी म्हणालो. "ज्याला तारीख ठाऊक न्हाई, त्याला गुरुजी तीच देऊन राह्यले होते."

साहेबानं चष्मा काढून डोळे चोळले आणि आम्हाला तीन वेळा परत बोलावलं. प्रत्येक वेळी आम्ही त्याच तारखेला जन्मलेले निघालो. शेवटी त्यानं हात टेकले.

ही बातमी गल्लीत फिरली आणि सल्ले सुरू झाले. त्यात सगळ्यात वरचा नंबर आमच्या शेजारच्या अप्पारावचा. त्यानं एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केली आहे, त्यामुळे प्रवास हा विषय तो स्वतःचा समजतो. तो वही घेऊनच आला.

"सर्जेराव, एक ध्यानात ठेव. परमुलखात हॉटेलात जेवायचं न्हाई. तिथली माणसं जिथं जेवत्यात तिथं जेवायचं. मी बत्तीस वर्षं असाच जगलो."

"पण ते वळखायचं कसं?"

"शहागडच्या ढाब्यांवर कसं वळखतो? जिथं ट्रक उभे, तिथं जेवण चांगलं. एमआयडीसीत कसं वळखतो? जिथं कामगारांच्या फटफट्या उभ्या, तिथं. जगात कुठं बी जा, बराबर हेच लागू."

दुसरा सल्ला असा की रिकाम्या हातानं जायचं नाही. त्यानं स्वतः दुकानात येऊन पाच टॉवेल आणि पाच पांढऱ्या टोप्या बांधून घेतल्या. आमच्याकडं कुणाचाही मान करायचा तर टॉवेल-टोपीनं. "कोण कुठं भेटंल सांगता येत न्हाई," तो म्हणाला. मी माझ्या बाजूनं आमच्या भागातलं पिवळंधमक मक्याचं बियाणं पावशेर घेतलं. चांगुणानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, लोणचं, ठेचा, ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी घेतली.

मेक्सिकोच्या विमानतळावर हे सगळं एका बाईसाहेबांनी टेबलावर मांडलं. लोणचं बाजूला ठेवलं. ठेचा बाजूला ठेवला. मक्याचं बियाणं बघून त्यांनी आणखी दोन साहेबांना हाक मारली. तिघांनी ते उजेडाला धरून बघितलं. टोप्या मात्र उलटसुलट करून परत दिल्या.

बाहेर रूपालीला हे सांगितलं, तर तिनं कपाळावर हात मारला. "बाबा, मका इथलाच आहे. इथून जगभर गेला. मी मक्याच्याच कामावर आहे. आणि तुम्ही इथं मका आणलात?"

"आपल्याकडचा दाखवावा म्हणलं," मी म्हणालो.

हॉटेल समुद्राला लागूनच होतं. शिरतानाच आमच्या मनगटात एकेक निळी पट्टी अडकवली. ती निघत नव्हती. आमच्याकडं गाईम्हशींच्या कानात बिल्ला मारतात, त्याची मला आठवण झाली, पण मी बोललो नाही. पट्टी असली की दिवसभर काहीही खा, असा नियम होता. हा एवढा मोठा हॉल, त्यात ओळीनं झाकणाची भांडी, आणि माणसं ताटल्या घेऊन फिरून राह्यलेली. कोणी येतंय, कोणी जातंय. पंगत कधी बसली आणि कधी उठली याचा काही पत्ताच नाही.

मी जेवलो. वाईट नव्हतं, पण पोटाशी बोलत नव्हतं. चांगुणा ताटली हातात घेऊन उभी राहिली.

"घे की गं."

"तुम्ही घ्या आधी. मी मंग घेते."

रूपालीनं तिच्या ताटलीत भात घातला. तिनं तो रूपालीच्या ताटलीत सरकवला. "तू खा. किती वाळून गेलीस." मग तिच्या ध्यानात आलं की शेजारच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसाची ताटली रिकामी आहे. ती उठली आणि पळीनं त्याला वाढायला लागली. म्हातारा खूश झाला. वाढप्यानं येऊन अदबीनं पळी काढून घेतली.

पहिला दिवस असा गेला. दुसराही. तिसऱ्या दिवशी हिशेब लावला, तर चांगुणाच्या पोटात चहा आणि दोन-चार केळी याखेरीज काही गेलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, "भूक न्हाई." चालताना खुर्चीला धरायला लागली.

रूपाली खोलीच्या गॅलरीत तोंड फिरवून उभी होती. "बाबा, आईला इथलं चालत नाही. मी किती दिवस ठरवून राह्यले होते, हे दाखवीन, ते दाखवीन. जाऊ दे. मी तिकिटं बदलून बघते. उद्या-परवा परत जा तुम्ही." आवाज नीट होता, पण ती समुद्राकडं बघत होती आणि समुद्र काही इतका बघण्यासारखा नव्हता.

"थांब," मी म्हणालो. "दोन दिवस दे मला. इथली माणसं जेवत्यात ती जागा मी हुडकून काढतो. तुझी आई तिथं जेवंल."

बापानं असं छाती काढून बोलावं, आणि मग काय काय व्हावं, ते ऐका.

पहिला प्रयोग एमआयडीसीचा. दुपारी बारा वाजता हॉटेलातले झाडूवाले, माळी, चादरी बदलणाऱ्या बाया, सगळे मागच्या बाजूला जाताना दिसले. बाहेर फटफट्या उभ्या. मी मनात अप्पारावला जय भीम घातला आणि चांगुणाला घेऊन त्यांच्या मागोमाग चाललो. एका लोखंडी दारातून आत. आत लांबलचक बाकडी, स्टीलची ताटं, आणि घेवड्याच्या उसळीचा असा वास की माझे डोळे मिटले. आम्ही बाकड्यावर बसलो. माणसांनी सरकून जागा दिली. चांगुणा उभीच. मी घास तोंडात घालणार, इतक्यात एका पहारेकऱ्याला माझ्या हातातली निळी पट्टी दिसली.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो घाबरला. पाहुणे कामगारांत जेवले म्हणजे त्याच्या नोकरीवर गदा. त्यानं आम्हाला छोट्या बॅटरीच्या गाडीत बसवलं, वर छत्री धरली आणि पुन्हा त्या झाकणांच्या भांड्यांसमोर आणून सोडलं. तीस वर्षं कामगारांत जेवलेला माणूस मी. मला कामगारांतून असं मानानं हाकलून देतील, हे मी जन्मात बघितलं नव्हतं.

"ते जेवून उठले असतील का आता?" चांगुणानं मागं बघत विचारलं. मला वाटलं तिला उसळीची आठवण येते आहे.

दुसरा प्रयोग शहागडचा. त्या शहरात उघड्या, टमटमसारख्या गाड्या भाड्यानं मिळतात. वारा खात जायचं. तसंच जाताना बंदराकडं मला सात-आठ ट्रक ओळीत उभे दिसले. "रोको," मी ओरडलो. ड्रायव्हरला भाषा कळली नाही, पण आवाज कळला. ट्रकांच्या पुढं माणसांची रांग होती, तीत आम्ही उभे राहिलो. रांग सावकाश सरकत होती. पुढचा माणूस माझ्याकडं बघून हसला, मीही हसलो. अर्ध्या तासानं आमचा नंबर आला आणि खिडकीतल्या माणसानं माझ्या हातात बर्फाची लादी दिली.

ती जागा मासेवाल्यांना बर्फ देण्याची होती. इतका वेळ रांगेत उभं राहून नको म्हणायला लाज वाटली. लादी टॉवेलात गुंडाळून, म्हणजे अप्पारावच्या पाचातल्या एका टॉवेलात, आम्ही टमटममधून परत निघालो. हॉटेलपर्यंत अर्धी राहिली. दारातल्या माणसानं ती माझ्या हातातून अशी घेतली, जणू पाहुणे रोज बर्फ घेऊनच येतात.

संध्याकाळी मी हट्टानं किनाऱ्यावरच्या एका गाड्याशी उभा राहिलो. तिथं इथलीच माणसं खात होती, त्याची मी खात्री करून घेतली. कच्ची कोळंबी, लिंबाच्या रसात बुडवलेली, वर मिऱ्याएवढ्या गोल मिरच्या. विकणाऱ्यानं बोटांनी खूण केली, थोडं तिखट का जास्त? मी दोन्ही हात पसरून दाखवलं. आम्ही मराठवाड्याचे. ठेच्यावर मोठे झालेलो. तो काही बोलला, बहुतेक समजावत होता. मी छातीवर हात ठेवला.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. उचकी लागली. ती पाऊण तास टिकली. गाड्याभोवतीचे लोक आळीपाळीनं माझी पाठ चोळत होते. एका बाईनं साखर दिली, एकानं मीठ दिलं. चांगुणा दुसरी ताटली हातात धरून शेजारी उभी होती. "तुमचं झालं की खाते," म्हणाली. माझं काही होईना, म्हणून ताटली तिनं परत दिली.

 खोलीत आल्यावर रूपालीनं दोन पेले लिंबू-साखरेचं पाणी केलं. एक मला दिलं, एक आईला. आईनं अर्धं पिऊन उरलेलं माझ्या पेल्यात ओतलं.

चौथा दिवस रविवार. रूपाली सकाळपासून विमान कंपनीच्या फोनला चिकटली होती. "फिरून येतो," म्हणून आम्ही दोघं निघालो. मी हॉटेलं, ट्रक, फटफट्या, काहीच बघायचं नाही असं ठरवलं होतं. उगाच मागच्या गल्ल्यांतून चाललो. चांगुणा माझ्या खांद्याला धरून चालत होती. एरवी ती माझ्या चार पावलं मागं असते.

एका गल्लीत ताडपत्री ताणलेली होती. खाली प्लास्टिकच्या लाल खुर्च्या, लांब टेबलं, एका कडेला भलं मोठं पातेलं, दुसऱ्या कडेला विटांच्या चुलीवर तवा. तव्याशी एक म्हातारी बाई मक्याच्या पिठाचे गोळे हातावर थापत होती. थप् थप् थप्. चांगुणा थांबली.

आता आपल्याकडं अशी ताडपत्री दिसली की माणूस चप्पल काढतो आणि बसतो. लग्न आहे का बारसं, कुणाचं आहे, हे जेवण झाल्यावर विचारतात. मीही बसलो. खानावळ असेल तर पैसे देऊ, कार्य असेल तर आहेर देऊ. एका माणसानं माझ्यापुढं ताट आणून ठेवलं. त्यात घेवड्याची उसळ, भाजलेला मासा, हिरवी चटणी आणि तव्यावरच्या दोन गरम पोळ्या. तो काहीतरी म्हणाला, मी "जय भीम" म्हणालो. दोघांचंही समाधान झालं.

घास घेतला आणि बघतो तर चांगुणा शेजारी नाही.

ती तव्याशी होती. पदर खोचलेला. म्हातारीनं तिच्याकडं बघितलं, तिनं म्हातारीकडं बघितलं. म्हातारीनं पिठाचा गोळा पुढं केला. चांगुणानं तो हातावर घेतला, थापला, फिरवला. ज्वारीच्या भाकरीचा हात तो, एवढीशी पोळी करताना आधी अडखळला, मग बसला. म्हातारी हसली. तिला पुढचे दोन दात नव्हते. तिनं चांगुणाच्या हाताखाली पाणी सरकवलं आणि स्वतः पोळ्या उलथायला लागली. मग दोघींचं जे बोलणं सुरू झालं, त्याची भाषा मला अजून कळलेली नाही.

"अवं, त्या निळ्या सदऱ्याला वाढा की, त्याचं संपलं," चांगुणा तव्याजवळून ओरडली. मी उठून निळ्या सदऱ्याला पोळी दिली. त्यानंतर मी बराच वेळ पोळ्याच वाटत होतो. कोणी नको म्हणालं नाही.

दोन वाजता रूपाली आली. माझ्या खिशातल्या फोनवरून माझा ठावठिकाणा शोधत आली होती, तिचा फोन कानालाच. "बाबा, उद्याची तिकिटं मिळतायत. बाई फोनवर थांबल्यात, हो म्हणू का?" मग तिनं ताडपत्री बघितली, मला पोळ्यांच्या टोपलीसकट बघितलं, आणि तिचा चेहरा लाल झाला. "बाबा! ही खानावळ नाही. ह्यांच्या घरचं कार्य आहे. वर फलकावर लिहिलंय, त्या आजोबांना आज ऐंशी वर्षं पूर्ण झाली. तुम्हाला कोणी बोलावलं?"

"बोलवायला कशाला लागतं? ताडपत्री होती."

ती माफी मागायला त्या आजोबांकडं वळली, इतक्यात तिचं लक्ष तव्याकडं गेलं.

गल्लीत आता कोणी खात नव्हतं. पोरं बाकांखाली खेळत होती, म्हातारे खुर्च्यांत पेंगत होते. तव्याशी बसलेल्या म्हातारीनं शेवटच्या सगळ्या पोळ्या फडक्यात बांधल्या, चूल विस्कटली, कमरेला बांधलेल्या पदरासारख्या कपड्याला हात पुसले आणि दोन ताटं घेतली. एक स्वतःपुढं, एक चांगुणापुढं. दोघी विटांवर बसल्या. चांगुणानं एकदा गल्लीभर नजर फिरवली, सगळे जेवले ना ते बघायला. मग पोळीचा तुकडा मोडला.

ती सहा पोळ्या जेवली. मी मोजल्या. उसळ दोनदा घेतली. ती हिरवी चटणी, जिच्या नुसत्या वासानं मला उचकी येऊ घातली होती, ती बोटानं चाटून घेतली.

रूपाली तिच्यासमोर जमिनीवरच बसली. "आई, तुला आवडतं हे सगळं?"

"न आवडायला काय झालं? हॉटेलातली उसळ बी चांगली दिसत होती."

"मग तीन दिवस उपाशी का राहिलीस?"

चांगुणानं घास गिळला. "अगं, म्हणलं सगळे जेवले की बसावं. तर तिथं माणसं संपतच न्हवती. एक उठलं की दुसरं येतंय. सगळे होईस्तोवर थांबावं, तर ते लोक भांडी उचलून न्यायचे. आता सगळे जेवत असताना आपणच कसं बसायचं?"

रूपालीच्या हातातला फोन बोलत होता. तिनं तो कानाला लावला, "नको, राहू द्या," असं त्यांच्या भाषेत सांगितलं आणि बंद केला. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. चांगुणा म्हणाली, "सरक बाई, ताट सांडंल."

मी टोपली घेऊन उभा होतो. बावन्न वर्षांचा संसार. एवढ्या वर्षांत मी रोज जेवून, हात धुऊन ओट्यावर जाऊन बसलो. ती जेवताना कशी दिसते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होतो. मी ट्रक बघितले, फटफट्या बघितल्या. असो.

मग मी चारी टॉवेल-टोप्या काढल्या. त्या हॉटेलातून निघताना पिशवीत घेऊनच निघालो होतो. अप्पारावचं हेही बराबर निघालं. ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हात जोडले. गल्ली उठून टाळ्या वाजवायला लागली. आजोबांनी टोपी थोडी तिरकी केली आणि आरसा मागितला. त्यांच्या दोघा जावयांचा मान झाला. राहिली एक जोडी. मी ती तव्याच्या म्हातारीपुढं धरली. आमच्याकडं बाईला टोपी घालत नाहीत, म्हणून थांबलो. तिनंच ती माझ्या हातून घेतली, टॉवेल स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि टोपी चांगुणाच्या डोक्यावर बसवली.

पुढचे चार दिवस आम्ही रोज त्या गल्लीत गेलो. आमच्यामुळे त्यांना रोज चूल पेटवावी लागली, पण त्यांनी तक्रार केली नाही.

परत आलो त्या दिवशी अप्पाराव वही घेऊन दारात. ऐन जेवणाची वेळ. "हं, सांग. तिथली माणसं कुठं जेवत्यात?"

मी सगळं सांगितलं. उचकी सोडून. तो पेन्सिल धरून बसला होता, पण त्यानं काही लिहिलं नाही. "म्हंजे नक्की पत्ता काय?"

तेवढ्यात आतून चांगुणानं ताटं आणली. एक त्याच्यापुढं, एक माझ्यापुढं. "बसा भाऊजी, जल्दी बसा. गार होऊन राह्यलंय."

मी माझं ताट उचलून चुलीजवळ नेऊन ठेवलं.

"हे काय?" चांगुणा म्हणाली.

"अप्पारावला जेवू दे. तू बसशील तवा मी बसतो."

"लई झालं तुमचं मेक्सिको. बसा मुकाट्यानं."

"न्हाई."

आम्ही दोघं चुलीपाशी बसून अप्पारावकडं बघत राहिलो. त्यानं एक घास घेतला. वर बघितलं. आम्ही बघतच होतो. त्यानं दुसरा घास घेतला आणि चावता चावता म्हणाला, "सर्जेराव, तू असा बघून राह्यलास तर माझ्या गळ्याखाली उतरतंय का?"

"सावकाश होऊ दे."

बत्तीस वर्षं एसटीच्या थांब्यांवर जेवलेला तो माणूस, पण इतक्या जल्दी त्याला जेवताना मी कधी बघितलं नव्हतं. ताट पुसून तो उठला, वही बगलेत मारली, आणि दारातून म्हणाला, "झालं माझं. बसा बाबांनो आता."

चांगुणानं दोन भाकरी मोडल्या. एक तिला, एक मला.